डॉक्टर कलन यांचे टपाल : तीन महिने वाचल्यावर

मी टपाल खात्यात ३४ वर्षे काढली. त्यातली शेवटची नऊ गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या उपडाकघरात, पोस्टमास्तर म्हणून. हा अभिप्राय वैद्यकाच्या एका संग्रहाविषयी आहे, पण मी त्याच्यापाशी टपालाच्या वाटेने पोचलो, हे सुरुवातीलाच सांगतो. डॉक्टर मंडळींना त्यात आणखी पुष्कळ दिसेल. मला जे दिसले ते लिहितो.

संग्रहाचे नाव ‘द कलन प्रोजेक्ट’. ते एक संकेतस्थळ आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात विल्यम कलन नावाचे डॉक्टर होऊन गेले. जन्म १७१०, मृत्यू १७९०. विद्यापीठात प्राध्यापक होते आणि युरोप-अमेरिकेपर्यंत त्यांचे नाव होते. लांबलांबचे रुग्ण त्यांना पत्राने सल्ला विचारत आणि ते पत्रानेच सल्ला देत. आलेली पत्रे त्यांनी जपली, गेलेल्या उत्तरांच्या नकला ठेवल्या. १७५५ ते १७९० या काळातली अशी पाच हजारांवर पत्रे एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आहेत. ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ती स्कॅन केली, ओळ अन् ओळ वाचून टंकली आणि २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही.

मला ते दाखवले बांबोळीला डॉक्टरकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने. चवथीला तो घरी आला होता. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधून झाल्यावर आम्ही सोप्यावर बसलो होतो आणि मी नेहमीप्रमाणे जुन्या टपालाच्या गोष्टी सांगत होतो. १९८३ साली मी नोकरीला लागलो तेव्हा कितीतरी बायका काउंटरवर यायच्या आणि एरोग्राम, म्हणजे परदेशी धाडायचे घडीचे पत्र, माझ्यापुढे सरकवायच्या. मुलगा आखातात, नाहीतर बोटीवर. “लिही रे पोरा, गुडघा धरलाय, रात्री झोप नाही. पण त्याला काळजी लागेल असं लिहू नको.” आजार तर सांगायचा आणि काळजी तर लावायची नाही, अशी ती पत्रे मी शेकड्यांनी लिहिली असतील. ते ऐकून भाचा म्हणाला, “मामा, तुम्हाला एक दाखवतो,” आणि त्याने फोन माझ्या हातात दिला. त्या रात्री मी बारा वाजेपर्यंत वाचत बसलो. हिने दोनदा दिवा घालवायला सांगितला.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती कागदाची घडी. तिथल्या टपालात त्या काळी पाकिटाची रीत नव्हती. कागद आतल्या बाजूने लिहायचा, घडी घालायची, बाहेरच्या कोऱ्या भागावर पत्ता आणि वर लाखेचे सील. आपले अंतर्देशीय पत्र हुबेहूब. पैसे पडायचे ते किती पाने आणि किती अंतर यावर, आणि ते साधारणपणे पत्र घेणाऱ्याने मोजायचे. पाठवणाऱ्याने आधी तिकीट लावायची पद्धत आली १८४० मध्ये. म्हणून लोक एका पानात आजार बसवायचे. जागा संपली की समासात लिहायचे. अंतर्देशीयच्या दुमडायच्या पट्टीवर, डिंकाच्या अगदी कडेला, “बाकी ठीक” असे बारीक अक्षरात लिहिणारी माणसे मी पाहिली आहेत. विमा पत्रावर लाख लावताना बोटे भाजून घेतलेल्या माणसाला त्या स्कॅनमधले तांबडे डाग परके वाटत नाहीत.

आता आजाराविषयी. पत्राने निदान कसे करायचे, हा प्रश्न कुणालाही पडेल, मलाही पडला. भाच्याने समजावले. छातीला लावून ऐकायची नळी निघाली १८१६ मध्ये. थर्मामीटर होते, पण रुग्णाच्या काखेत ते रोज लावायची रीत नव्हती. रक्त तपासायची सोय नाही, क्ष-किरण नाहीत. डॉक्टरकडे काय होते? नाडी, जीभ, लघवीचा रंग, आणि सगळ्यात मोठी म्हणजे रुग्णाने सांगितलेली हकिगत. हकिगतच मुख्य असेल तर ती समोर बसून सांगितली काय आणि चार दिवसांच्या अंतरावरून लिहून पाठवली काय, फार फरक पडत नसे. उलट लिहिणारा विचार करून लिहायचा. कधीपासून, कशाने वाढते, काय खाल्ल्यावर, रात्री की पहाटे, घरात आणखी कुणाला होते का. अनेकदा गावचा डॉक्टरच आपल्या रुग्णाविषयी लिहायचा, की मी हे हे करून पाहिले, गुण नाही, आपण सुचवा.

आणि कलन यांना समोर रुग्ण नसताना ठरवायचे असे. माझ्या या तीन महिन्यांच्या वाचनाचा गाभा तो आहे.

हे मला इतके का लागले ते सांगायला हवे. २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या घरी हिला ताप सुरू झाला. सकाळी काही नाही, संध्याकाळी सहाच्या सुमारास अंग तापायचे, शंभराच्या थोडे वर, आणि हाताची बोटे आखडायची. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, उंदीरताप नाही, विषमज्वर नाही, क्षयही नाही. पाच महिन्यांत सात किलो वजन उतरले. पेज सोडली तर काही पोटात ठरत नव्हते. एका मोठ्या ठिकाणी तीन वेळा गोळ्या बदलल्या. आधीची का दिली होती आणि नवी का देताहात, हे विचारले तर उत्तर मिळाले नाही. तीन डॉक्टरांनी तीन नावे सांगितली, प्रत्येकाने खात्रीने. गावच्या देवळात आम्ही कौल लावला. पाकळी उजवी पडली तेव्हा ही देवळातच रडली, आणि त्या रात्री पहिल्यांदा तिला नीट झोप लागली.

शेवटी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली. अर्धा तास गेला असेल. मग कोऱ्या कागदावर लिहिले : ताप कशाचा ते अजून कळलेले नाही. सगळी औषधे थांबवून दहा दिवस दिवसातून तीनदा ताप लिहून ठेवा. वाढला तर लगेच या. खाली सही, तारीख. डिसेंबरात ताप जसा आला तसा गेला. नाव आजतागायत मिळालेले नाही. पण ‘कळलेले नाही’ असे सहीनिशी लिहून देणारा माणूस भेटल्यावर आमच्या घरात जो निवांतपणा आला, तो कुठल्याच रिपोर्टाने आणला नव्हता. कलन यांची पत्रे वाचताना मला तोच कागद पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

संकेतस्थळ कसे चालते ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक पत्र तीन तऱ्हांनी बघता येते. मूळ कागदाचे छायाचित्र. मग खोडलेले, वर घुसवलेले शब्द जसेच्या तसे ठेवून टंकलेला मजकूर. आणि मग वाचायला सोपा, सफाईदार केलेला मजकूर. माझा सल्ला असा की सुरुवात सफाईदार मजकुराने करा, पण तिथे थांबू नका. खाडाखोड दाखवणारा मजकूर उघडा. डॉक्टरांचा हात कुठे थबकला ते तिथे कळते. आधी एक शब्द, तो काढून दुसरा, कधी आणखी सौम्य. चांगला कारकून मसुदा वाचताना खोडलेली ओळ आधी वाचतो, हे आम्हाला साहेबांनी शिकवले होते, ते इथे कामाला आले.

माणसाच्या नावाने शोधता येते, गावाच्या नावाने शोधता येते. एका रुग्णाची पत्रे एकत्र बांधलेली आहेत, त्यामुळे पहिल्या पत्रापासून शेवटच्यापर्यंत सलग जाता येते. मोठ्या पडद्यावर वाचा. मी फोन सोडून भाच्याचा जुना संगणक मागून घेतला आणि मग मूळ अक्षरांचे वळण दिसू लागले.

नकलांविषयी मला फार कुतूहल होते, कारण आमच्या खात्याचे निम्मे आयुष्य कार्बनवर गेले. सुरुवातीच्या वर्षांत कलन यांच्याकडे नक्कल उतरवणारा माणूस असे. मग १७८१ पासून त्यांनी यंत्र वापरले, आणि ते यंत्र जेम्स वॉट यांचे. वाफेच्या इंजिनाचे तेच वॉट. या नक्कलयंत्राचे पेटंट त्यांनी १७८० मध्ये घेतले होते. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाब द्यायचा, शाई त्यावर उमटते. उमटते ती उलटी, आरशातल्यासारखी. पण कागद इतका पातळ की मागच्या बाजूने धरून सुलटे वाचता येते. या यंत्रामुळे डॉक्टरांचे स्वतःचे अक्षर, जसे सुटले तसे, आपल्यापर्यंत आले. काही पाने फिकट आहेत, शाई फुटून पसरलेली आहे. मला ती पाहून पावसात भिजलेल्या टपालथैलीची आठवण झाली.

पण नक्कल का ठेवायची? हिशेबासाठी हे तर आहेच. दुसरे कारण पत्रे सलग वाचली की कळते. रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा लिहितो, तेव्हा आपण मागे काय म्हणालो होतो ते डॉक्टरांपुढे असते. गुण आला नसेल तर ते त्यांच्याच अक्षरात समोर येते. आपल्या चुकीचा कागद इतका जपून ठेवणारा डॉक्टर मला थोर वाटतो.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते सॅम्युएल जॉन्सन यांच्या आजारापाशी. १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा शब्दकोश करणारे ते जॉन्सन. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला त्याच्या ७६ वर्षे आधी. १७८३ च्या जूनमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. हात मात्र चालत होता. डोके शाबूत आहे की नाही हे पाहायला त्यांनी मनातल्या मनात लॅटिनमध्ये पद्यात प्रार्थना रचली, आणि सकाळी शेजाऱ्याला चिठ्ठी लिहून डॉक्टरांना बोलावणे पाठवले. त्यातून ते बरेचसे सावरले. हिवाळ्यात मात्र दम्याने धरले. जरा गार वारा लागला की छाती आवळे. आडवे होता येईना, रात्रभर बसून राहावे लागे. अफूचा अर्क आणि खसखशीच्या बोंडाचे सरबत घेतले तरच डोळा लागे. पाय आणि मांड्या सुजल्या. अंगात पाणी चढते आहे, असे त्यांचे स्वतःचेच म्हणणे होते.

त्यांचा मित्र जेम्स बॉसवेल एडिंबरोत वकील होता. तुमच्याकडच्या डॉक्टरांना माझ्याविषयी विचार, असे जॉन्सन यांनी त्याला कळवले, आणि १७८४ च्या मार्चमध्ये त्याने कलन, होप आणि मन्रो या तीन प्राध्यापकांना एकच पत्र धाडले. ते पुढे त्याने लिहिलेल्या जॉन्सन यांच्या चरित्रात छापले आहे. मी ते चार वेळा वाचले. वय ७४. आधी काय झाले, मग काय, सध्या कोणते औषध चालू आहे. औषध होते रानकांद्याचा शिर्का. आपल्या किनाऱ्यावर उगवतो त्या रानकांद्याचाच तिकडचा भाऊबंद. लंडनच्या डॉक्टरांना ऊबदार हवेची आशा आहे आणि रुग्णाला वाटते की आपण गरम देशात जावे, हेही त्यात आहे. दुसऱ्याचा आजार आपल्या शब्दांत लिहिताना किती जपावे लागते ते मी काउंटरवर शिकलो. बॉसवेलने जपले आहे. स्वतःचे मत घुसडलेले नाही. कोण काय म्हणाले ते ज्याच्या त्याच्या नावावर ठेवले आहे.

आता डॉक्टरांच्या जागी बसून पाहा. खोकला जुना, दमा नवा, सूज त्याहून नवी, आणि मागे एक झटका. फुप्फुसाने सुरुवात केली की हृदयाने? सूज हा वेगळा आजार की त्याच आजाराचा शेवट? भरीला आणखी एक कोडे होते : त्याच फेब्रुवारीत जॉन्सन यांना अचानक वीस पाइंट, म्हणजे साधारण दहा लिटर, लघवी होऊन सुटल्यासारखे वाटले होते. कशाने? रानकांद्याने, उपासाने, की त्यांनी केलेल्या प्रार्थनेने? त्यांचा स्वतःचा विश्वास शेवटच्या गोष्टीवर होता. आणि हे सगळे सोडवायचे ते चारशे मैलांवरून, एका कागदावर. कलन स्वतः तेव्हा चौऱ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, म्हणजे दोघे जवळपास एका वयाचे.

तिघांनीही अगत्याने उत्तरे दिली. या माणसाच्या उपयोगी पडता आले तर मला आनंदच होईल, असे कलन यांनी लिहिले. होप यांनी लिहिले की एखाद्या शब्दाविषयी तुमच्या मित्राचे मत विचारल्याशिवाय माझा क्वचितच एखादा दिवस जातो. म्हणजे रोज कोश उघडतो. हे वाचून मला भरून आले. आपल्या कोशकारांना त्यांच्या आजारपणात असे कुणी लिहिले असेल का, असा विचार मनात आला.

जॉन्सन १३ डिसेंबर १७८४ ला गेले. शेवटच्या दिवसांत पाणी निघावे म्हणून त्यांनी आपल्या हाताने पायांना छेद दिले होते. मग शवविच्छेदन झाले. फुप्फुसे हवेने फुगलेली, हृदय मोठे झालेले, पित्ताशयात खडा, एक मूत्रपिंड निकामी. म्हणजे ज्या ज्या शंका घ्याव्यात त्या सगळ्यांना थोडा थोडा आधार सापडला. पुढच्याच वर्षी, १७८५ मध्ये, विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांनी अशी सूज कशी उतरते याचा अनुभव पुस्तकरूपाने मांडला. त्याच जातीच्या झाडापासून मिळणारे हृदयाचे औषध आजही लिहून देतात. आमच्या शेजारच्या काकांच्या डबीत आहे.

कलन यांच्या स्वभावातली एक ओढाताण इथे स्पष्ट दिसते, आणि संग्रह वाचणाऱ्याने ती डोळ्यांपुढे ठेवावी. त्यांनी १७६९ मध्ये सगळ्या आजारांचे वर्गीकरण छापले. वनस्पतींचे करतात तसे वर्ग, गण, प्रजाती. चार मोठे वर्ग : तापाचे आजार, मज्जातंतूंचे, अंग खंगवणारे, आणि एका जागचे. ‘न्यूरोसिस’ हा शब्द त्यांनीच घडवला. आमच्या छाटणीच्या लाकडी खणांसारखी ही रचना. प्रत्येक गावाला एक खण, पत्र आले की त्यात टाकायचे. पण छाटणी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते की काही पत्रे कुठल्याच खणात बसत नाहीत. पत्ता अर्धा, नाव दोन वाड्यांत सारखेच, पिन चुकलेला. अशी पत्रे आम्ही टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवायचो आणि सगळे आटपल्यावर शांतपणे एकेक हातात घ्यायचो. कलन यांचे ग्रंथ म्हणजे ते खण, आणि ही पत्रे म्हणजे उजवा कोपरा. ज्याने खण केले तोच माणूस कोपऱ्यातल्या पत्रांशी किती वेळ बसायचा, हे या संग्रहामुळे कळते.

उपचार वाचून मात्र मन घट्ट करावे लागते. शिरेतून रक्त काढणे, कातडीवर फोड उठवणारे पट्टे, वांतीची औषधे, जुलाब. पण त्याच पत्रांत दुसरीही बाजू आहे. काय खावे, किती वेळ घोड्यावर बसावे, मांस किती, दारू किती, पाय कोरडे ठेवावेत, झोप कधी. बारीकसारीक गोष्टी इतक्या आपुलकीने, की आपल्या घरातले पथ्यपाणी सांगणारे वडीलधारे माणूस बोलते आहे असे वाटावे. ही मला म्हणाली, “पेज सांगितली नाही एवढंच.” खरे आहे ते. औषधावर जिथे त्यांचा पुरा भरवसा नव्हता, तिथे आहारविहार तरी हातात होता.

आमच्या घरात होमिओपॅथी बरीच चालते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. सिंकोनाची साल हिवतापावर का लागू पडते याचे कारण कलन यांनी असे दिले होते की ती कडू आणि तुरट असल्याने जठराला बळ देते. १७९० मध्ये जर्मनीत सॅम्युएल हानेमान हे कलन यांचा औषधांवरचा ग्रंथ भाषांतरित करत होते. त्यांना हे कारण पटले नाही. त्यांनी ती साल स्वतः घेऊन पाहिली, आणि आपल्याला हिवतापासारखीच लक्षणे झाली असे नोंदवले. होमिओपॅथीचा विचार त्यातून सुरू झाला. आमच्या कपाटातल्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांचा धागा एडिंबरोच्या या डॉक्टरांशी जोडलेला आहे हे मला साठी उलटल्यावर कळले. सालीतले क्विनीन वेगळे काढले गेले १८२० मध्ये. तोवर सगळेच अंधारात चाचपडत होते, आणि ताप मात्र माणसे नेत होता. आपल्या गोव्यात त्याच काळात जुने गोवे साथींनी ओस पडत चालले होते. व्हाइसरॉयने १७५९ मध्ये राहण्याचे ठिकाण पणेलीला हलवले. आमचा फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३ मध्ये. पत्रांवरच्या तारखा वाचताना मी मनात ही आपली सालेही शेजारी मांडत गेलो, म्हणजे काळ किती लांबचा ते उमगते. पणजीची वैद्यकशाळा निघायला अजून ऐंशी वर्षे होती, ती १८४२ ची.

आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली. वैद्यक लॅटिनमध्ये शिकवायची रूढी असताना कलन यांनी ग्लासगोत इंग्रजीतून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या रोजच्या भाषेतून, व्याख्याने दिली. गोव्यात माध्यमाच्या प्रश्नावर आम्ही मोर्चे काढले आहेत, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आहेत. ज्ञान आपल्या भाषेत आले की ते वाढते, हे सांगायला यापुढे मी हे उदाहरण देईन.

वाचायला कठीण काय? भाषा अडीचशे वर्षांपूर्वीची आहे, वाक्ये लांब आहेत, आणि आजारांची नावे आजच्या नावांशी जुळत नाहीत. ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगात पाणी साठणे, ‘पाल्सी’ म्हणजे अर्धांग, एवढे कळायला मला पहिले दोन आठवडे लागले. वहीत दोन रकाने आखा, डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे आपला. माझी आतापर्यंत अकरा पाने भरली आहेत. रोज एकच रुग्ण घ्या. मी सकाळी अकराला, पेजेच्या वेळी, एक पत्र हिला मराठीत सांगतो. आणि यातले कुठलेही औषध स्वतःवर करून पाहू नका. शिसे, पारा, अफू हे त्या काळचे नेहमीचे सामान होते.

शिक्षक, वैद्यकाचे विद्यार्थी आणि ज्यांच्या घरात दीर्घ आजार आहे अशी माणसे, या तिघांनी हे जरूर वाचावे. तिसऱ्यांनी सर्वांत आधी.

हिचा प्रश्न मात्र रोज एकच असतो. पत्र सांगून झाले की ती भांडे खाली ठेवते आणि विचारते, “मग ते माणूस बरं झालं का?” जॉन्सन यांचे सांगता आले. बाकी बहुतेकांचे सांगता येत नाही. पत्रे येतात, दोन, चार, सहा, आणि मग येत नाहीत. बरे झाले म्हणून लिहिले नाही, की लिहायला उरले नाहीत? आमच्याकडे निवृत्तिवेतनाची मनीऑर्डर परत यायची तेव्हा पोस्टमन फॉर्मवर एक शब्द लिहून आणायचा, ‘मयत’. तो शब्द वाचून मी नोंद करायचो आणि पुढचा फॉर्म घ्यायचो. कलन यांना तेवढाही शब्द पोचत नसे पुष्कळदा. ते पुढच्या पत्राला उत्तर लिहायला बसत.

गेल्या रविवारी भाचा आला तेव्हा हिने कपाटातून फाइल काढली आणि आमच्या डॉक्टरांचा तो कागद त्याच्यापुढे ठेवला. म्हणाली, “हाही तसाच करून ठेव, दोन्ही बाजूंनी.” त्याने फोनवर आधी पुढची बाजू स्कॅन केली, मग मागची. मागे माझ्या अक्षरातल्या तापाच्या नोंदी आहेत, दहा दिवसांच्या. पहिली ओळ : १७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६, ताप १००.२. पेज अर्धी वाटी घेतली.